गेल्या वर्षीचं भजन उघडत नाही: हरवलेले ट्रॅक, फाटणारा मास्टर आणि पावसाळ्यातली डिस्क

श्रावण लागला की घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची एक तक्रार कुडाळ-मालवणपासून वर गुहागरपर्यंत ठरलेली असते. मंडळाला गणपतीत लावायला गेल्या वर्षीचं भजन हवं असतं, पण जसंच्या तसं नको असतं. "गेल्या वर्साचा ता भजन जरा उघड, पखवाज थोडो वर घे," एवढीच बुवांची मागणी. प्रोजेक्ट उघडायला जावं तर पडद्यावर सूचना येते की अमुक फायली सापडल्या नाहीत. नाहीतर तो उघडतो, पण झांजेचा ट्रॅक रिकामा असतो आणि बुवांचा आवाज भलत्याच पट्टीत येतो. हाताशी उरते ती तयार एमपीथ्री, आणि तिच्यातला पखवाज काही केल्या वर येत नाही.

याचं मूळ बहुतेक घरांत एकच आहे. मास्टर (सगळे ट्रॅक मिसळून केलेलं शेवटचं तयार रेकॉर्डिंग) झाला की तोच रेकॉर्डिंग समजून जपला जातो, आणि सुटे ट्रॅक (प्रत्येक माइकचा वेगळा आवाज) जिथे पडले असतील तिथे पडून राहतात. खरं तर मास्टर पुन्हा पुन्हा करता येतो, करावाही लागतो, कारण देवळाचा कर्णा वेगळा, मोबाईल वेगळा, यूट्यूब वेगळं. बुवांनी त्या रात्री गायलेला अभंग मात्र पुन्हा तसाच गायला जात नाही.

आधी हरवलेल्या फायली

सूचना आली की 'दुर्लक्ष करा' दाबून पुढे जाऊ नका, आणि गेलात तर निदान सेव्ह करू नका. तसं सेव्ह केलं तर हरवलेल्या फायलींचे जुने पत्तेही प्रोजेक्टमधून पुसले जाण्याचा धोका असतो. प्रोजेक्ट फाइलची एक प्रत काढा आणि पुढची सगळी खटपट प्रतीवर करा.

आवाज सहसा गेलेला नसतो, त्याचा पत्ता चुकलेला असतो. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली वेव्ह फाइल (आवाजाची न दाबलेली मूळ फाइल) कुठे आहे, ती कुठून कुठपर्यंत वाजवायची, एवढंच त्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि वेव्ह फायलींची नावं शोधा. नुसतं नाव दिसलं तर ती फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये असायला हवी होती. पूर्ण पत्ता दिसला तर ती बाहेर कुठेतरी आहे. पत्त्याच्या सुरुवातीचं ड्राइव्हचं अक्षर नीट बघा. गेल्या वर्षी बाहेरची डिस्क 'ई' होती आणि यंदा आधी पेन ड्राइव्ह लावल्यामुळे तीच डिस्क 'एफ' झाली, इतक्या क्षुल्लक कारणाने अख्खा प्रोजेक्ट 'हरवतो'. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत दिलं की सगळे ट्रॅक जागच्या जागी येतात.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे डॉक्युमेंट्समधलं 'रीपर मीडिया' नावाचं फोल्डर. प्रोजेक्ट सेव्ह न करताच लाल बटण दाबलं तर रीपर रेकॉर्डिंग तिथे टाकतो. मंडळी जमलेली असतात, बुवांचा सूर लागलेला असतो, नाव द्यायला कोण थांबणार? मग त्या फोल्डरमध्ये दोन-तीन वर्षांची भजनं एकमेकांत मिसळून पडतात. तारखेने लावून घ्या आणि एकेक ऐका, दुसरा उपाय नाही.

त्यातही फसवणूक आहे. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हने ताब्यात घेतलेलं असेल तर फाइल दिसते, पण तिच्याजवळ ढगाचं चिन्ह असतं. म्हणजे ती लॅपटॉपवर नाही, क्लाउडवर आहे. घरात रेंज एकच काडी असेल तर ती वेळेवर उतरत नाही. फोल्डरवर उजवी क्लिक करून ते कायम या लॅपटॉपवर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि सगळं उतरेपर्यंत प्रोजेक्ट उघडू नका. रेकॉर्डिंगचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेरच असावं असं माझं मत आहे. त्याची फुकटची जागा ५ जीबी. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. आठ माइकांवर सहा मिनिटांचा अभंग म्हणजे ४१५ एमबी, आणि त्याचे तीन टेक ठेवले तर सव्वा जीबी. चार अभंगांत ५ जीबी संपतात, आणि पुढचं काही वर चढलंच नाही हे कळायला गणपती उजाडतो.

तिसरी जागा डाउनलोड्स. कोणीतरी व्हॉट्सॲपवर तानपुरा पाठवलेला असतो आणि तो तिथूनच ओढून प्रोजेक्टमध्ये टाकलेला असतो. शिमग्याला लॅपटॉप साफ करताना तो उडतो. आधी फोनवरच्या त्या चॅटमध्ये शोधा, पुष्कळदा अजून असतो.

ऑडॅसिटी हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. तिसऱ्या आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०२१पूर्वी, प्रोजेक्टची फाइल वेगळी आणि आवाजाचं 'डेटा' फोल्डर वेगळं असायचं. पेन ड्राइव्हवर नुसती फाइल आली असेल तर ती काही केबींची असते आणि तिच्यात आवाज नसतो. जुन्या लॅपटॉपवर त्याच नावाचं डेटा फोल्डर शोधा. आताच्या आवृत्तीत सगळं एकाच फाइलमध्ये असतं, पण काम चालू असताना शेजारी नावाच्या शेवटी 'वाल' असलेली आणखी एक फाइल दिसते. लाइट गेल्यावर ती कचरा समजून काढू नका. दोन्ही शेजारी ठेवून ऑडॅसिटी उघडली तर शेवटचं काम बहुधा परत मिळतं. आणि ऑडॅसिटी चालू असताना त्या प्रोजेक्टची कॉपी काढू नका, आधी बंद करा.

वेव्ह फाइल सापडली, आकारही भरपूर आहे, पण कुठेच वाजत नाही, असंही होतं. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की फाइलच्या सुरुवातीची माहिती पूर्ण लिहिली जात नाही. ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट रॉ डेटा'ने ती उघडा. २४ बिट, लिटल एंडियन, ४८०००, चॅनल एक किंवा दोन, जे रेकॉर्ड करताना होतं तेच द्या. नुसता खरखराट आला तर बिट किंवा चॅनल चुकलाय, बदलून बघा. सुरुवातीला एक टक् ऐकू येईल, तो कापून टाका. आकार शून्य असेल तर मात्र या वाटेने काही मिळणार नाही.

आवाज आहे, पण पट्टी उतरली

काळी चारमध्ये गायलेलं भजन काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठेतरी वाजतंय आणि चालही जड झालीय, तर पेटीला दोष देऊ नका. ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ४४.१ समजून वाजवलं की ते साधारण दीड स्वरपट्टी खाली येतं आणि तेवढंच संथ होतं. उलट झालं तर चढतं. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आणि ऑडिओ इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) पॅनेलमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे तेच ४८ की ४४.१) एकच करा. पिच बदलून 'दुरुस्त' करणारे भेटतात. त्याने पट्टी जागेवर येते, पण झांजेचा आवाज चघळल्यासारखा होतो.

उघडला? मग आजच सुटे ट्रॅक काढा

रीपरमध्ये 'सेव्ह ॲज' करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण असते, क्युबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट' आहे, एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. हे करावंच, पण यावर थांबू नये. ती फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तेच प्लगइन (त्याला जोडलेले इफेक्ट) लागतात. एक महिन्याच्या ट्रायलवर घेतलेला रिव्हर्ब पुढच्या वर्षी नसतो.

म्हणून प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेवा. मधे दोन मिनिटं झांज वाजत नसली तरी तिची फाइल बाकीच्यांइतकीच लांब हवी. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फायली एकाखाली एक टाकल्या की आपोआप जुळतात. एक संच कोणताही इफेक्ट न लावता काढा. मिक्समध्ये बरीच मेहनत गेली असेल तर इफेक्टसकट दुसराही काढा. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक करा. त्यात आवाजाचं काहीच नुकसान होत नाही आणि आकार बराच उतरतो. फक्त ३२ बिट फ्लोटच्या फायली फ्लॅकमध्ये जात नाहीत, त्या आधी २४ बिट करून घ्याव्या लागतात.

'ट्रॅक ५' या नावाचा पुढच्या वर्षी काही उपयोग नाही. पखवाज धुमा (खर्जाची बाजू), पखवाज शाई (चढ्या सुराची बाजू), पेटी, झांज, बुवा, कोरस अशी नावं द्या, फक्त ती रोमन लिपीत लिहा, कारण काही जुने झिप प्रोग्रॅम देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं करून ठेवतात. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर असंही करू नका. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की कॉपी मधेच अडते. सोबत एक मजकूर फाइल ठेवा: पट्टी, सॅम्पल रेट, कोण कशावर होतं, कुठला टेक पक्का झाला.

मास्टर घरी छान, बाहेर फाटतो

हेडफोनवर स्वच्छ असलेला मास्टर एमपीथ्री केल्यावर प्रत्येक झांजेला करकरतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. लिमिटरची (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणाऱ्या साधनाची) कमाल मर्यादा शून्यावर ठेवलेली असते. मीटर नमुन्यांची उंची मोजतो, पण दोन नमुन्यांच्या मधे लाट त्याहून वर जाऊ शकते, आणि एमपीथ्री करताना ती आणखी सरकते. झांजेसारख्या तीक्ष्ण आवाजात हे हमखास होतं. लिमिटर ट्रू पीकवर, म्हणजे नमुन्यांच्या मधली लाटही धरून, उणे १ डेसिबलला बांधा, मास्टर फार दणदणीत असेल तर उणे २. एमपीथ्री नेहमी वेव्हवरून करा, आधीच्या एमपीथ्रीवरून कधीच नाही.

दणदणीतपणाची हौस हे याच दुखण्याचं दुसरं टोक. यूट्यूब सुमारे उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या दणदणीतपणाचं माप) वर गेलेला आवाज स्वतःच खाली आणतं, आणि त्याच्या खालचा वर चढवत नाही. म्हणजे उणे ८ पर्यंत दाबून चेपलेलं भजन तिथे मोठं वाजत नाही, फक्त चेपलेलं वाजतं. भजनाला उणे १४ ते उणे १६ पुरे. लफ्स मोजायला यूलीनचा फुकटचा मीटर आहे, रीपरमध्ये तर रेंडर करतानाच आकडा मिळतो.

आपल्या भजनात लिमिटर कुठे लावून बघायचा हेही ठरवून घ्यावं लागतं. गजर संथ सुरू होतो आणि शेवटच्या मिनिटात सगळे तुटून पडतात. पहिल्या अभंगावर लिमिटर बेतलात तर गजराच्या टोकाला तो सगळं सपाट करून टाकतो, आणि नेमकी तीच जागा लोकांना ऐकायची असते. गजराचं शेवटचं मिनिट लूपवर लावा, तिथे लिमिटर दोन-तीन डेसिबलच्या वर दाबत नाही एवढंच ठेवा, आणि मागचं हळू वाटलं तर तिथे बुवांचा ट्रॅक हाताने वर घ्या.

झांज टोचते म्हणून मास्टरवरच वरचे सूर कापणारे पुष्कळ आहेत. त्याने पेटीही मंद होते आणि बुवांची अक्षरंही. माजघरात सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात, त्यामुळे टोचणारी झांज खरी तर बुवांच्या माइकमधून येत असते. तो ट्रॅक उघडा, त्यातली झळाळी उतरवा, झांजेचा स्वतःचा माइक तसाच राहू द्या. हे मास्टरवरून होत नाही, सुटे ट्रॅकच लागतात.

कर्ण्याचं गणित निराळं. देवळाचा कर्णा मोनो असतो आणि खालचे सूर त्यात येतच नाहीत. धुम्याची घुमक वाढवत बसलात तर कर्ण्यात ती ऐकू येणार नाही, ॲम्प्लिफायर मात्र धापा टाकेल. कर्ण्यासाठी वेगळा मास्टर काढा: मोनो, दीडशे हर्ट्झच्या खालचं कापलेलं, पखवाजाच्या शाईची बाजू थोडी पुढे. मोनो केल्यावर पखवाज पोकळ झाला तर त्याच्या दोन माइकांपैकी एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. दोन्ही माइक एकमेकांचा आवाज खात असतात.

मास्टर केल्यावर अचानक घूं ऐकू आली तर ती आधीपासून होती, लिमिटरने शांत जागा वर उचलल्या म्हणून आता दिसली. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी बारीक कापा. पुढच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या.

आणि लिमिटर लावण्याआधीचं मिक्ससुद्धा २४ बिटमध्ये जपा. पुढच्या वर्षी फक्त आवाजाची पातळी बदलायची असेल तर तेवढ्यावर भागतं. १६ बिट करायचं असेल तर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक खरखराट) एकदाच, अगदी शेवटच्या पायरीला.

डिस्क कुठे ठेवायची

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. एका कपाटात ठेवलेल्या तीन डिस्क अशा वेळी एकच डिस्क असतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर, असा जो नियम सांगतात त्यातला शेवटचा भाग आपल्याकडे फार सोपा आहे, कारण आपल्याकडे चाकरमानी आहेत. गणपतीला मुंबईहून आलेल्या भावाकडे परत जाताना एक डिस्क द्या, शिमग्याला तो ती घेऊन येईल तेव्हा दुसरी भरून तयार ठेवा. एक कायम मुंबईत, एक कायम गावात. महिन्याचं भाडं नाही आणि रेंज लागत नाही.

क्लाउड वाईट नाही, पण चढवायचा वेग बघून ठरवा. २ एमबीपीएसने एका अभंगाचे ४१५ एमबी जायला अर्धा तास लागतो. पक्के टेकच चढवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हेही ध्यानात असू द्या: लॅपटॉपवरून फाइल उडवली की क्लाउडवरूनही उडते, आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. शिमग्याला पुसलेलं श्रावणात मिळत नाही.

घरातल्या डिस्कचा शत्रू म्हणजे खारी हवा. आधी यूएसबीची टोकं काळवंडतात आणि कॉपी चालू असताना डिस्क मधेच गायब होते. डिस्क मेली असं ठरवण्याआधी केबल बदलून बघा. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळ्याचा गुलाबी किंवा नारिंगीचा हिरवा रंग झाला की जेल बदला. निळ्यात कोबाल्ट असतं, तेव्हा ते स्वयंपाकाच्या कढईत वाळवायला घेऊ नका. तांदूळही नको, त्याची भुकटी जोडणीत जाऊन बसते. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता पडून ठेवू नये, दर सणाला एकदा लावावी. पेन ड्राइव्ह फक्त नेण्याआणण्यापुरता.

फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, पण लिहिणं चालू असताना केबल उपटली तर ते लवकर बिघडतं. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस बरं.

कॉपीसाठी टेराकॉपी घ्या आणि त्यातली 'व्हेरिफाय'ची खूण चालू ठेवा. मग मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा आणि प्रतीवरचा प्रोजेक्ट दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा. मूळ डिस्क लावलेली असताना केलेली तपासणी खोटी असते, कारण प्रोजेक्ट गुपचूप मूळ जागेच्याच फायली वाजवतो.

डिस्क टकटक करतेय, किंवा काहीच उरलं नाही

फिरती डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका आणि विंडोजने डिस्क दुरुस्त करायची परवानगी मागितली तर देऊ नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च मोठा असतो, त्यामुळे आधी ठरवा की आत नेमकं काय आहे.

सुटे ट्रॅक खरोखरच गेले असतील आणि हाती फक्त मास्टर असेल तर डेमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर ही फुकटची साधनं एका फाइलचे गायन, ड्रम, बास आणि इतर असे भाग करून देतात. ती मुख्यतः पाश्चात्त्य बँडच्या संगीतावर शिकलेली आहेत, त्यामुळे पखवाज ड्रम आणि बास या दोन्हींत विभागला जातो, पेटी 'इतर'मध्ये जाते आणि कोरस बुवांना चिकटून येतो. एमपीथ्रीपेक्षा वेव्ह मास्टर दिलात तर निकाल बरा येतो. ड्रम आणि बासचे भाग एक-दोन डेसिबल वर घेऊन बाकीचे तसेच मिसळा. तेवढ्याने बुवांचं काम भागतं. त्याहून जास्त ओढलं की झांजेला पाण्यातून आल्यासारखा आवाज येऊ लागतो, आणि मग नवीन रेकॉर्डिंगला रात्र ठरवलेली बरी.